चष्मा पुसणाऱ्या सिस्टर लुदविना

मला वाचायला सिस्टर लुदविनांनी शिकवलं. हे नाव सगळ्यात आधी लिहून टाकते. माझा स्वभावच असा धास्तीचा आहे की गॅस बंद केला की नाही हे बघायला मी दोनदा परत जाते. तेव्हा बाकीचं सांगता सांगता हेच राहून गेलं तर काय घ्या! मी आठवीपर्यंत शिकलेली बाई. आज इथे मस्कतला, घरापासून समुद्रापार, एका म्हाताऱ्या आजींची देखभाल करते. त्यांच्या औषधांच्या पट्ट्यांवरची नावं मी तीन-तीनदा वाचते, आणि तिन्ही वेळेला ती बरोबर वाचता येतात. ते वाचता येणं सिस्टरांचं. धास्ती तेवढी माझी.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमची शाळा होती. सिस्टर लोकांची, पाचवीपर्यंतची. फाटकातून आत शिरलं की निळ्या पदराची मारियामाता, तिच्या मागे कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली रोज सकाळी आम्ही अडीचशे पोरं हात जोडून एका श्वासात प्रार्थना संपवायचो, कारण थंडीत उभं राहवत नसे. पोरं दौलतगंजची, पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्ल्यांमधली, गोरखीकडची. प्रत्येक वर्गात आमच्यासारखी पाच-सहा मराठी घरातली असायचीच. आमचं मराठी म्हणजे काय, घरात सुरू झालेलं वाक्य दारापर्यंत पोचेस्तोवर हिंदी होऊन जाई. इंग्लिश फक्त शू लागली की.

सिस्टर लुदविना वसईच्या. पूर्ण शाळेत मराठी बोलणाऱ्या सिस्टर त्या एकट्याच. चौथीच्या पहिल्याच दिवशी आमच्या वर्गातला गिरीश उठून म्हणाला, "सिस्टर, माझी कॉपी घरी सुटली."

"सुटली?" सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे काय, बांधून ठेवली होतीस तिला?"

वही घरी राहिली म्हणायचं होतं त्याला. वर्गातली आम्ही सहा मराठी पोरं हसलो आणि बाकीचे चाळीस आमच्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून आम्हाला वाटायला लागलं की या सिस्टर आमच्या आहेत. बाकीच्या चाळिसांनाही थोड्याच दिवसांत तसंच वाटायला लागलं, ती गोष्ट वेगळी.

बुटक्या होत्या. पांढऱ्या झग्याखाली आमच्यासारखेच पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि चाल अशी की त्या येताना नुसता झगाच घरंगळत येतोय असं वाटावं. त्या झग्याला उजवीकडे एक खिसा होता. त्यात खडूचे तुकडे, शार्पनर, सेफ्टी पिना, दाढदुखीवर लवंगा, कोणाचा तरी पडलेला दुधाचा दात कागदात गुंडाळून, आणि मोसमाप्रमाणे पेरू नाहीतर बोरं. दात कशाला ठेवलाय असं विचारलं तर म्हणायच्या, "त्याची आई मागायला येईल." एक आई खरंच आली होती म्हणे.

मारत कोणालाच नसत. वर्गात फार बडबड करणाऱ्याला त्या बाहेर मारियामातेच्या पुतळ्यापुढे पाठवायच्या. "जा, जे काय सांगायचंय ते सगळं तिला सांगून ये. तिला बिचारीला सगळे मागतच असतात, कोणी काही सांगत नाही." गिरीश एकदा पुतळ्यापुढे अर्धा तास उभा राहून क्रिकेटची पूर्ण मॅच सांगून आला. खोटं बोलताना सापडलेल्याला म्हणायच्या, "येशूला कळलं, मला कळलं. आता तिसऱ्या कोणाला सांगायचंय, की पुरे?" आणि मंद पोरांसाठी त्यांचं एक ठरलेलं होतं: "देवाला जग करायला सहा दिवस लागले. तुला एका ओळीला दहा मिनिटं लागली तर कुठे काय अडलं?"

त्यांना ग्वाल्हेरमध्ये एकाच गोष्टीची चुटपुट होती, ती म्हणजे मासळी. माझ्या आईने एकदा तांदळाची भाकरी पाठवली तर डबा उघडून नुसत्या वास घेत बसल्या. म्हणाल्या, "आता हिच्याबरोबर सुक्या बोंबलाची चटणी मागायची नाही, हे मनाला समजवायला मला दोन मिनिटं दे." डबा मात्र कधी रिकामा परत आला नाही. काही नसलं तर त्यात कडुनिंबाचा कोवळा पाला घालून द्यायच्या.

पण त्यांची सगळ्यात मोठी सवय होती चष्मा पुसण्याची. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी माझी चोरी सांगावी लागेल.

मला वाचता येत नव्हतं. चौथीत आले तरी. सुटी अक्षरं ओळखायची, पण ती शेजारी शेजारी आली की एकमेकांत घुसायची आणि मला काहीच कळेनासं व्हायचं. हे कोणाला माहीत नव्हतं, कारण कानावर पडलेलं मला एका फटक्यात पाठ व्हायचं. माझे बाबा किल्ल्यावर गाइड होते. राजे, महाल, तलाव, कुठल्या दरवाजातून कोण आलं, सगळं तोंडपाठ. तो गुण माझ्यात आला. बाई धडा एकदा वाचायच्या, की माझा झाला. पुस्तक समोर धरायचं, ओळीवर बोट फिरवायचं आणि म्हणून टाकायचं. तिसरीपर्यंत निभावलं. चौथीत लेखी परीक्षा आली तेव्हा माझी उत्तरपत्रिका कोरी.

एके दिवशी हिंदीच्या तासाला सिस्टरांनी मला उभं केलं आणि स्वतःचं पुस्तक माझ्या हातात दिलं. गावच्या विहिरीचा धडा होता, आदल्याच दिवशी झालेला. मी घडाघड वाचला. "छान," त्या म्हणाल्या. "बस."

मधल्या सुट्टीत त्यांनी मला जिन्याखालच्या खोलीत बोलावलं. तिथे खेळाचं सामान, फाटका ढोल आणि शर्यतीची पोती असत. त्यांनी तेच पुस्तक उघडलं. विहिरीच्या धड्यावर त्यांनी एक कागद चिकटवला होता, त्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. माझ्या हातात पुस्तक होतं तेव्हाही तो कागद तिथेच होता.

"मी वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "वैशाली, आज सिस्टरच्या खिशात दोन पेरू आहेत. मागितलास तर एक तुझा." मग माझ्याकडे बघून, "तू मागितला नाहीस न."

मी रडायला लागले. त्यांनी दोन्ही पेरू माझ्या हातात दिले.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"आता दोघींना आहे. येशू धरून तिघे. पुरे झाले."

पण चौथाही लवकरच आला. नवरात्र संपलं त्या आठवड्यात बाबा शाळेत आले, माझं नाव काढून घ्यायला. घरी धाकटा भाऊ नुकताच झालेला, आई लोकांचे डबे करायची, तिला हाताशी कोणीतरी हवं होतं. मी दाराआड उभी होते.

"सिस्टर, हिच्या डोक्यात काही बसत नाही. चौथीत येऊन कोरी कॉपी देते. घरी राहिली तर आईला मदत तरी होईल."

"नाताळपर्यंत द्या मला तिला."

"नाताळमध्ये काय होणार?"

"सगळ्यांसमोर वाचेल."

बाबा हसले. "ही? सिस्टर, ही तुम्हाला पूर्ण पुस्तक पाठ म्हणून दाखवेल. मी बावीस वर्षं रट्टा मारून, घोकून घोकून पोट भरतोय. इंग्लिशमध्येसुद्धा. रट्टा मला एक फर्लांगावरून ओळखू येतो."

"मग परीक्षक तुम्हीच," सिस्टर म्हणाल्या. "रट्टा निघाला तर त्याच दिवशी हिचा हात धरून घरी न्या, मी अडवणार नाही. वाचन निघालं तर नाव काढायचं नाव काढायचं नाही."

बाबा टूरिस्टांना म्हणतात तसं "डन" म्हणाले आणि गेले. सिस्टर दाराकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस न सगळं? पाठ झालं असेलच. उद्यापासून मधल्या सुट्टीत जिन्याखाली ये."

जिन्याखाली त्या पोत्यांच्या ढिगावर बसायच्या, मी ढोलावर. पुस्तक माझ्या मांडीवर. मी अडले की त्या शब्द सांगत नसत. त्या चष्मा काढायच्या, डोक्यावरच्या पांढऱ्या फडक्याचं, म्हणजे व्हेलचं, टोक ओढून घ्यायच्या आणि काचा पुसायला लागायच्या. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचंही दिसत नसे. "घे, मला आता काही दिसत नाहीये," त्या म्हणायच्या. "कोणीच बघत नाहीये. सावकाश." आणि मग ती काच पुसत राहायच्या, आधी डावी, मग उजवी, मग पुन्हा डावी, माझ्या तोंडून शब्द बाहेर पडेपर्यंत. एकदा ‘क्षेत्रफल’ या शब्दाला इतका वेळ लागला की मला वाटलं आज काच झिजून भोक पडणार. शब्द निघाला, तसा त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि जणू आत्ताच खोलीत आल्यासारखं विचारलं, "हां, पुढे?"

मला शिकवणाऱ्या पुष्कळ जणी होत्या, पण माझ्यासाठी मुद्दाम आंधळ्या होणाऱ्या त्या एकट्याच.

शनिवारी त्या क्रेप कागद, डिंक असलं काय काय आणायला बाजारात जात आणि मला बरोबर घेत. पाटणकर बाजारात शिरलं की म्हणायच्या, "पुस्तक तू पाठ करशील. या पाट्या तुला कोणी वाचून दाखवलेल्या नाहीत. चल." मी एकेका दुकानासमोर थांबून वर बघत उभी. ‘बर्तन भंडार’. ‘गोटा-किनारी’. ‘यहाँ रज़ाई भरी जाती है’ याला तर आम्ही एवढा वेळ लावला की रजईवाला कापूस पिंजायचा थांबून बाहेर आला.

"सिस्टर जी, हमारे बोर्ड में कुछ गलती है क्या?"

"नहीं भैया, बोर्ड एकदम ठीक है। पढ़नेवाली नई है।"

त्यानंतर रजईवाला दर शनिवारी मला बघून ओरडायचा, "आ गई! पढ़ बेटा, पढ़, आज बोर्ड धोया है!" चार पाट्या न अडता झाल्या की सिस्टर तिळागुळाची कुरकुरीत गजक घ्यायच्या. गजकवाल्याची पाटी मी सगळ्यात आधी शिकले, हे सांगायला नकोच.

डिसेंबर आला. आमच्या शाळेत नाताळच्या आधी प्रत्येक वर्गाने येशूजन्माचा देखावा करायचा, त्याची स्पर्धा लागायची. मदर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्याला क्रिब म्हणायच्या. चर्चचे दाढीवाले फादर चरनी म्हणायचे. सिस्टर लुदविना गोठा म्हणायच्या. देखाव्याशेजारी वर्गातल्या एकाने उभं राहून बायबलमधला उतारा वाचायचा. आमच्या वर्गातून वैशाली वाचेल, असं सिस्टरांनी जाहीर केलं. मेंढपाळ बाळाला बघायला येतात तो उतारा. त्याच परीक्षेला बाबा येणार होते.

त्यात सिस्टरांना आठ दिवस रिट्रीटसाठी, म्हणजे एकांतात प्रार्थनेला, आग्र्याला जावं लागलं. जाताना त्यांनी आम्हा मराठी सहा जणांवर काम सोपवलं. "माती आणा, भिजवा, डोंगर करा. आमच्याकडे वसईला वर नाचणी पेरतात, छान हिरवंगार उगवतं. इथे नाचणी कुठे मिळणार?"

"सिस्टर, आम्ही मोहरी पेरतो!" गिरीश म्हणाला.

"तुम्ही पेरता? कशावर?"

घंटा झाली आणि ते उत्तर तसंच राहिलं. तिथेच घोटाळा झाला. कारण माती भिजवायची, डोंगर करायचा, वर मोहरी पेरायची आणि मातीची चित्रं मांडायची, हे सगळं आम्ही दरवर्षी करतच होतो, दिवाळीला. आमच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. आम्ही किल्ला केला.

कसला किल्ला! पोत्यांवर माती थापून माझ्या खांद्याएवढा. तटबंदी, सात बुरूज, आगपेटीच्या काड्यांचा महादरवाजा, आरशाच्या तुकड्याचा तलाव. समोर खराखुरा किल्ला दिवसरात्र दिसत असताना आम्ही काही कमी पडू देणार होतो का? हत्ती-दरवाजाशी हत्ती ठेवला. दिवाळीतले मावळे गिरीशच्या घरच्या माळ्यावरून आणले आणि बुरुजांवर उभे केले, तलवारी उपसून. थंडीत मोहरी उगवेना, तर सिस्टरांच्या स्वयंपाकघरातल्या बाईने रोज दोन तास शेगडी आमच्या वर्गात आणून ठेवली. आणि सगळ्यात वर, जिथे दिवाळीला महाराज बसतात, तिथे आम्ही बाळ येशूला बसवला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सिस्टर परत आल्या. त्यांच्या आधी मदर वर्गात पोचल्या होत्या.

"सिस्टर लुदविना, ये क्या है? तलवारें! क्रिसमस में तलवारें!"

सिस्टरांनी किल्ल्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. आम्ही सहा जण भिंतीला चिकटलेले. मला वाटलं, आता गेलं सगळं.

"मदर," त्या म्हणाल्या, "मैं कह दूँगी, म्यान में रख लेंगे।"

"इसे तोड़िए। गत्ते का स्टेबल बनाइए, बाकी क्लासेस जैसा।"

सिस्टरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मदर बोलत राहिल्या, सिस्टर पुसत राहिल्या. डावी, उजवी, पुन्हा डावी. शेवटी मदरचे शब्द संपले. "ठीक है," मदर म्हणाल्या, "कल फादर जो कहें।" आणि निघून गेल्या. ही युक्ती मोठ्यांवरही चालते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मग सिस्टर आमच्याकडे वळल्या. "बाळाला वर कोणी बसवलं?"

"मी," गिरीश म्हणाला. "वरची जागा राजाची असते न सिस्टर."

"अरे, दोन दिवसांचं पोर ते. वर वारा किती लागतो!" त्यांनी बाळ उचललं आणि दरवाजाच्या आत, घोड्यांच्या पागेत, गवतावर ठेवलं. एका बाजूला मारिया, एका बाजूला योसेफ. बैल नव्हता, म्हणून हत्तीला तोंड आत करून उभं केलं. "हां. आता ऊब राहील." एवढी एकच दुरुस्ती त्यांनी केली.

आता माझं पाप सांगते. त्या आठ दिवसांत दुसऱ्या सिस्टरांनी मेंढपाळांचा उतारा सरावासाठी वर्गात वाचून घेतला होता. मी कान बंद करून कशी घेणार? मला तो पाठ झाला. मी ते सिस्टरांना सांगितलं नाही. उलट रात्री निवांत झोपले, की आता अडायची भीती नाही.

दुसऱ्या दिवशी फादर आले, मागे मदर, मागे सगळ्यांचे आईबाप. बाबा दारापाशी हाताची घडी घालून. पहिली, दुसरी, तिसरी, सगळे गत्त्याचे, पुठ्ठ्याचे गोठे बघत बघत मंडळी आमच्यापाशी आली. फादर थांबले. दाढी खाजवली.

"सिस्टर, चरनी कहाँ है? मुझे तो किला दिख रहा है।"

लोक हसले. मदरनी खाली बघितलं.

"फादर," सिस्टर म्हणाल्या, "हेरोद राजा के सिपाही बच्चे को मारने निकले थे। गोशाला को तो दरवाज़ा भी नहीं होता। मेरे बच्चों को फिकर हुई। बाकी वैशाली पढ़कर बताएगी।"

आणि त्यांनी माझ्यापुढचं बायबल घेतलं, मेंढपाळांचं पान सोडून पानं मागे उलटली, आणि बोट ठेवलं एका अशा ओळीवर जी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

त्यांना माहीत होतं. मी पाठ केलंय हे त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असणार. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या किल्ल्याकडे बघत होत्या.

मी बोट ठेवलं आणि सुरू केलं. योसेफला स्वप्न पडतं. देवदूत म्हणतो ऊठ, बाळाला आणि आईला घेऊन निघ. एकेक शब्द, रजईच्या पाटीसारखा. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत, कुठे पळून जायचं त्या देशाचं नाव होतं, ‘मिस्र’, आणि तिथे मी अडले.

स आणि र एकमेकांत घुसले. शेगडीतला कोळसा तडकला. कोणाची तरी आई कुजबुजली, "बेचारी भूल गई।" माझ्या डोळ्यांत पाणी येऊन अक्षरं अजूनच पोहायला लागली.

आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसलं, सिस्टर लुदविनांनी चष्मा काढला. फादर, मदर, शंभर आईबाप बघत असताना व्हेलचं टोक ओढलं आणि काच पुसायला घेतली. डावी. उजवी. पुन्हा डावी. जगात त्यांना दुसरं काही काम नव्हतं.

"मि... मिस्... मिस्र," मी म्हणाले. "मिस्र देश को भाग जा."

चष्मा नाकावर चढला. पुढचं मी कसं वाचलं ते मला आठवत नाही. संपेपर्यंत वाचलं एवढं खरं. टाळ्या वाजायच्या आधीच दारातून आवाज आला. बाबांचा, किल्ल्यावरचा, लांबवर जाणारा.

"सिस्टर! ही अडली!"

सगळे वळून बघायला लागले. मला वाटलं, आता हात धरतात.

"रट्टेवाला अडत नाही," बाबा म्हणाले. "बावीस वर्षांत मी एकदा नाही अडलो. ही अडली आणि मग पुढे गेली. हे वाचन आहे, सिस्टर. हे वाचन आहे."

फादरना मराठी कळत नव्हतं, पण जे कळायचं ते कळलं असावं. त्यांनी वाकून पागेतल्या बाळाकडे बघितलं, हत्तीला एक बोट लावलं आणि म्हणाले, "इतने सालों में पहली बार प्रभु को ढंग का मकान मिला है। इसे चर्च में रखेंगे।"

पहिला नंबर आम्हाला मिळाला की नाही हे मला आज खरंच आठवत नाही, कारण त्यापेक्षा मोठी गोष्ट झाली. किल्ला चर्चपर्यंत न्यायचा होता. भाजीवाल्याचा ठेला आणला, बारा जणांनी मिळून पोत्यांसकट किल्ला वर चढवला, आणि आमची मिरवणूक पाटणकर बाजारातून निघाली. पुढे गिरीश फाटका ढोल बडवत, मग ठेला, मग आम्ही, मग फादर, आणि शेवटी स्वतः मदर, हातात पडलेला एक बुरूज घेऊन. दुकानदार बाहेर आले. "किसकी बारात है भाई?" कोणीतरी ओरडलं. ठेला बाबा ढकलत होते. त्यांना राहवलं नाही. "देखिए साहेबान," त्यांनी सुरू केलं, "सामने हाथी दरवाज़ा, दाहिने तालाब, और अंदर, पागा में, जिनका जन्म हुआ है..." रजईवाला गादीवरून उठून हात जोडून उभा राहिला. "बिटिया पढ़ गई क्या?" त्याने सिस्टरांना विचारलं. सिस्टर कॅनव्हासचे बूट आपटत ठेल्याबरोबर धावत होत्या. धावता धावताच त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "उसी से पूछो!"

मी त्याची पाटी वर बघून मोठ्याने वाचली. पूर्ण. पूर्ण बाजाराने ऐकली.

त्यानंतर माझं नाव काढायचं नाव कोणी काढलं नाही. पाचवी झाली, मग गोरखीकडच्या शाळेत आठवीपर्यंत गेले. मग बाबांचा पाय किल्ल्याच्या पायऱ्यांवर मोडला आणि शाळा सुटली ती सुटलीच. सिस्टरांना सांगायला गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शाळा सुटली. वाचन सुटलं का?" नाही म्हटलं. "मग झालं."

मागच्या सुट्टीत ग्वाल्हेरला गेले तेव्हा त्यांना भेटले. आता शिकवत नाहीत. शाळेमागच्या मठात असतात. काचबिंदूने डोळे जवळजवळ गेले आहेत. व्हरांड्यात उन्हात बसल्या होत्या, कॅनव्हासचे बूट तसेच. मी "सिस्टर" म्हटलं मात्र, म्हणाल्या, "वैशाली. बरं झालं आलीस. हे वाच." आणि त्या खिशातून एक पत्र काढलं. वसईहून त्यांच्या थोरल्या बहिणीचं. इतर सिस्टर हिंदी वाचतात, पण मराठी, तेही म्हातारीच्या हातचं, कोणाला लागेना. तीन आठवडे ते पत्र खिशात होतं.

मी वाचायला घेतलं. घरच्या गोष्टी, कोणाचं लग्न, कोणाचं घर. मग नाताळचं काहीतरी आलं आणि एका शब्दावर मी अडले. अक्षर पार किरटं झालेलं. मी मान वर केली.

सिस्टरांनी चष्मा काढला होता. व्हेलचं टोक ओढून त्या काच पुसत होत्या. घातला काय, काढला काय, त्यांना आता सारखंच. तरी डावी, उजवी, पुन्हा डावी, तशाच सावकाश.

"‘नाचणी’," मी म्हणाले. "नाचणी छान उगवली आहे, असं लिहिलंय."

त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "हां, पुढे?"

यंदा मलाही जवळचा चष्मा लागला. डॉक्टरांनी हातात दिला तेव्हा माझी बोटं आपोआप ओढणीचं टोक शोधायला लागली. सिस्टर, इथलं काम संपलं की मी घरी येणार आहे. तुमच्या बहिणीची जितकी पत्रं खिशात साठली असतील, ती सगळी वाचून दाखवीन, अडत अडत का होईना. आणि मग मदरना विचारून जिन्याखालची ती खोली मागून घेईन, ढोलावर एखाद्या पोरीला बसवीन, आणि ती अडली की माझा हा चष्मा काढून पुसत बसेन. कितीही वेळ लागला तरी.